नाकारलेला ईश्वर कोणता?

‘तुम्ही देव मानता का?’ या प्रश्नाला हो किंवा नाही एवढ्यात उत्तर देता येत नाही. विचारणाऱ्याच्या मनात कोणता देव आहे, हे आधी कळावे लागते.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोमन साम्राज्यातल्या स्मर्ना शहरात पॉलिकार्प या वृद्ध बिशपला जाळण्यात आले. त्याच्यावर आणि त्याच्या अनुयायांवर आरोप होता नास्तिकतेचा! रोमची दैवते न मानणारा तो नास्तिक, ही तिथली व्याख्या. त्याच शतकातल्या जस्टिन या ख्रिस्ती विचारवंताने तर, त्या दैवतांपुरते आम्ही नास्तिकच आहोत, अशी स्पष्ट कबुली दिली होती.

आपल्याकडे ही गुंतागुंत अधिक खोल आहे. परंपरेने आस्तिक ठरते ते वेदांचे प्रामाण्य मानणारे दर्शन. ईश्वर मानण्याशी त्याचा संबंध नाही. म्हणून प्रकृती-पुरुषावर जगाचा उलगडा करणारे, निर्मात्याची गरजच नसलेले सांख्य आस्तिकांत बसते. मीमांसक कुमारिल भट्ट हे वेदांचे कट्टर कैवारी. तरीही ‘श्लोकवार्तिका’त ते जगत्कर्त्याच्या कल्पनेवर तुटून पडतात. शरीराविना त्याने जग घडवले कसे? करुणेपोटी घडवले म्हणावे, तर सृष्टीपूर्वी करुणा करायला होते कोण? आणि करुणेतून इतके दुःख कसे निपजले?

पुढे नैयायिक उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त ईश्वरसिद्धी केली. पण त्यांचा ईश्वर शून्यातून जग काढत नाही. परमाणू अनादी, जीव अनादी, त्यांचे कर्मही अनादी. ईश्वर या साऱ्याची जुळणी करतो. दुःखाचा हिशेब बराचसा कर्माकडे जातो. सर्वशक्तिमान आणि परमदयाळू निर्मात्याला जो प्रश्न अडवतो, तो इथे तितकासा बोचत नाही. जैन मंदिरात नित्य पूजा होते, तीर्थंकरांसमोर हात जोडले जातात, पण जगाचा कर्ता म्हणून कोणी नाही. या श्रावकाला आस्तिक म्हणाल की नास्तिक?

युरोपात हाच पेच स्पिनोझाने उभा केला. ईश्वर आणि निसर्ग एकच, असे मांडणाऱ्या या तत्त्वज्ञाला अ‍ॅमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने 1656 मध्येच बहिष्कृत केले होते. पुढे कित्येकांनी त्याला नास्तिक ठरवले, तर कित्येकांना तो ईश्वरात बुडालेला वाटला. 1929 मध्ये देव मानता का असे विचारले असता आइन्स्टाइनने आपण स्पिनोझाचा ईश्वर मानतो असे कळवले. माणसांच्या नशिबात लक्ष घालणारा ईश्वर त्याने त्याच उत्तरात नाकारला.

‘अज्ञेयवादी’ ही ओळख जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्स्लीने 1869 मध्ये स्वतःसाठी घडवली. पुराव्याने ठरत नाही ते ठरले असे म्हणू नये, हा त्याचा आग्रह. मला तो मोलाचा वाटतो, पण सरसकट लागू पडणारा वाटत नाही. नवसाला पावणारा, अंगात येणारा, अंगाऱ्याने सर्पदंश उतरवणारा देव तपासता येतो. महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी असे दावे गावोगाव तपासले आहेत. तिथे ‘माहीत नाही’ म्हणणे ही टाळाटाळ होईल. याउलट निर्गुण, निराकार, वाणीपलीकडच्या तत्त्वाबद्दल नास्तिकाने ठाम नकार द्यायचा तरी कशाला? तत्त्वज्ञ ए. जे. एअर 1936 मध्ये आणखी पुढे गेला: ‘ईश्वर आहे’ या विधानालाच अर्थ नसेल, तर ते नाकारणारा आणि ‘ठाऊक नाही’ म्हणणारा, दोघांचीही भूमिका निरर्थक ठरते.

आपल्याकडचे बहुतेक वाद अडतात ते वेगळ्याच ठिकाणी. वाद घालताना देव निर्गुण असतो. घरी परतताच तो कोपणारा, विटाळ मानणारा, परीक्षेत पास करणारा होतो. नास्तिकही हेच उलट्या बाजूने करतात: बुवाबाजीचा भांडाफोड करून ब्रह्म खोडून काढल्याचे समाधान मानतात. ही अदलाबदल दोन्ही बाजूंनी थांबवायला हवी. या दिवाळीत घरच्या बैठकीत हा विषय निघालाच, तर आपला देव कोणता हे प्रत्येकाने आधी सांगावे आणि बैठक संपेपर्यंत तो बदलू नये.