मेण फुलांत मिळत नाही

मधमाशीच्या मागच्या पायांना चिकटलेला पिवळा गोळा म्हणजे मेण, असं ठासून सांगणारे आजही भेटतात. तो पराग असतो. अर्थात या चुकीला मोठी परंपरा आहे. अठराव्या शतकातला फ्रेंच निसर्गअभ्यासक रेओम्यूरही परागापासूनच मेण होतं असं मानायचा. गुंता सोडवला तो जिनिव्हाच्या फ्रान्स्वा ह्यूबरनं. ह्यूबर आंधळा होता. बघायचं काम त्याचा नोकर ब्यूर्नां करी. त्यांनी माश्यांना कोंडून आधी नुसता मध दिला, मग साखर दिली. पोळं बांधलं गेलं. नुसत्या परागावर ठेवलेल्या माश्यांनी मात्र काहीच बांधलं नाही.

म्हणजे मेण गोळा करून आणायची वस्तू नाही, ते माशीच्या अंगातून येतं. कामकरी माशी साधारण बारा ते अठरा दिवसांची झाली की पोटाखालच्या ग्रंथींच्या चार जोड्या भरात येतात. (त्या नीट वाढायला लहानपणी पराग खावा लागतो, तेवढाच परागाचा वाटा.) ग्रंथींतून पाझरलेलं मेण थिजून पोटाच्या खाचांत अभ्रकासारखी पारदर्शक चकती तयार होते. ग्रॅमभर मेणाला अशा हजारेक चकत्या लागतात.

माश्या मेण वितळवून साच्यात ओतल्यासारखं पोळं घडवतात, हेही खरं नाही. मेण वितळायला ६२ ते ६४ अंश सेल्सिअस लागतं आणि पोळ्यात ऊब असते ३५ अंशांच्या आसपास. त्या उबेत मेण नुसतं मऊ राहतं. माशी मागच्या पायानं चकती सोडवते, तोंडाशी आणते, लाळ मिसळून चावत राहते आणि जागेवर दाबून बसवते. ताजं मेण पांढरंच असतं. पिवळेपणा येतो तो मुख्यतः परागामुळे. पिल्लं वाढवून काळ्या पडलेल्या पोळ्याला लोक घाणेरडं म्हणतात, पण तो रंग बहुतांशी पिल्लांच्या घरांत मागे राहिलेल्या कोशांच्या अस्तरांचा.

किलोभर मेणाला सहा ते आठ किलो मध खर्ची पडतो, असा आकडा पुस्तकांत दिसतो. हंगाम आणि वसाहतीची ताकद बघता तो ढोबळच धरावा. पण मेण महाग पडतं यात शंका नाही, आणि म्हणूनच 'एकदा लावलेलं मेण तिथेच राहतं' ही समजूत टिकत नाही. राणीचं घर रिकामं झालं की माश्या ते कुरतडून मेण दुसरीकडे लावतात. पिल्लांच्या घरांवरची झाकणं जुन्या पोळ्यातलं मेण आणि कोशाचे धागे कालवून केलेली असतात. म्हणून ती तपकिरी, खरखरीत आणि हवा खेळू देणारी. मधावरचं झाकण बहुधा नव्या मेणाचं, त्यामुळे उजळ दिसतं.

फुलोरी जातीची मधमाशी तर याहून पुढे जाते. जवळपासच बिऱ्हाड हलवलं असेल तर ती जुन्या पोळ्यावर परत येते, मेण खरवडते आणि परागाच्या टोपलीत, म्हणजे त्याच मागच्या पायांवर लादून नव्या जागी नेते. तिच्या पायांवर मेण आहे असं कुणी म्हणालं, तर लगेच हसू नये.

आपली सातेरी मधमाशी मात्र इतकी चिक्कू नाही. जुनं काळं पोळं ती कुरतडून टाकते आणि नवं बांधते. पेटीच्या तळाशी भुसा साचलेला पाहून नवखा मधपाळ रोग आला म्हणून घाबरतो. तो रोग नसतो, पण तळ झाडलाच पाहिजे, कारण त्या भुशात मेणकिडा पोसला जातो. तो निव्वळ मेणावर जगतो हाही समजच. त्याच्या अळीला कोश-परागातली प्रथिनं हवी असतात, म्हणूनच मधाच्या कोऱ्या पोळ्यापेक्षा पिल्लांचं जुनं पोळं ती आधी गाठते.

पोळं पिळून मध काढणाऱ्यांना वाटतं, माश्या काय, पुन्हा बांधतील. बांधतात, पण मध खर्चून. चौकट यंत्रात फिरवून अखंड पोळं पेटीत परत ठेवलं, तर तोच मध साठवणीला उरतो.