फुप्फुसाची उफराटी रीत

प्राणवायू कमी पडला की शरीरातील इतर रक्तवाहिन्या रुंदावतात. फुप्फुसातील मात्र आकसतात. १९४६ साली स्वीडनमध्ये फॉन ऑयलर व लिलयेस्ट्रांड यांनी मांजरांवरील प्रयोगांतून हे दाखविले. रीत उफराटी, पण हिताची. हवा न पोचणाऱ्या कोपऱ्यातील रक्त त्यामुळे हवेशीर भागाकडे वळते. उंच पर्वतावर मात्र प्राणवायू साऱ्याच फुप्फुसाला अपुरा पडतो व सर्व वाहिन्या आकसतात. आठवडेच्या आठवडे असे चालले की त्यांच्या भिंतींतील स्नायुपेशींची संख्या वाढते, भिंत जाड व वाट अरुंद होते आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर भार पडतो. अमेरिकेतील कोलोराडोच्या पर्वतीय कुरणांवर काही गुरे यामुळेच छातीखाली सूज येऊन दगावतात. तिबेटातील याकच्या वाहिन्या पातळच राहतात. तो त्याहून उंचावर सुखाने चरतो.