कांग्र्याचे मीठ आणि गळ्यातली ग्रंथी

1956 साली डॉ. वुलिमिरी रामलिंगस्वामी आणि त्यांचे सहकारी कांग्रा खोऱ्यात कामाला लागले. हे खोरे तेव्हा पंजाबात होते, आज हिमाचलात आहे. तिथल्या शाळकरी मुलांत दहांपैकी जवळपास चौघांना गलगंड होता. पुढची सोळा वर्षे या खोऱ्यात जे घडले, त्याचा लाभ आज आपल्या प्रत्येक स्वयंपाकघराला मिळतो आहे.

गलगंडात फुगते ती गळ्यातली थायरॉइड ग्रंथी. तिचे महत्त्व वैद्यकाला उमगले ते ती काढून टाकल्यावर. स्वित्झर्लंडमध्ये बर्नचे शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी गलगंडाच्या रुग्णांची संपूर्ण ग्रंथी काढली. शस्त्रक्रिया यशस्वी झाल्या; पण काही रुग्ण पुढे सुजले, मंदावले, मुलांची वाढ खुंटली. हे त्यांनी 1883 साली जाहीरपणे मांडले. 1891 मध्ये इंग्लंडच्या जॉर्ज मरे यांनी अशाच लक्षणांच्या एका स्त्रीला मेंढीच्या थायरॉइडचा अर्क टोचला. ती बरी झाली आणि पुढे 28 वर्षे जगली. 1895 साली युजेन बाउमान यांना या ग्रंथीत आयोडीन सापडले आणि 1914 मध्ये एडवर्ड केंडल यांनी थायरॉक्सिन वेगळे केले.

कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेला बिलगून असलेली ही ग्रंथी जेमतेम वीसेक ग्रॅमची. तिच्या पेशी रक्तातले आयोडीन वेचून घेतात आणि थायरोग्लोब्युलिन नावाच्या प्रथिनावर चढवतात. चार अणू बसले की टी-फोर, तीन बसले की टी-थ्री. हा साठा सूक्ष्म पुटिकांमध्ये दोन-तीन महिने पुरेल इतका असतो. शरीरात दुसऱ्या कुठल्याही ग्रंथीकडे संप्रेरकाची एवढी शिल्लक नसते. रक्तात उतरते ते मुख्यतः टी-फोर. यकृत, मूत्रपिंड आणि इतर ऊती त्यातला एक अणू काढून त्याचे टी-थ्री करतात. हे टी-थ्री पेशीच्या केंद्रकात शिरून जनुकांचे काम चालू-बंद करते. हृदयाचे ठोके, अंगातली ऊब, आतड्यांची हालचाल, हाडांची वाढ आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूची जडणघडण या सर्वांवर त्याचा अंमल चालतो.

या कारभारावर पीयूषिका ग्रंथीची नजर असते. रक्तातले संप्रेरक घटले की ती टीएसएच वाढवते, पुरेसे झाले की आवरते घेते. आयोडीनच मिळेनासे झाले, तर टीएसएच ग्रंथीला हाकत राहते, आणि राबून राबून ग्रंथी फुगते. गलगंड तो हाच. हिमालयाच्या कुशीत हिमनद्यांनी आणि पावसाने मातीतले आयोडीन धुऊन नेले; धान्यात ते नाही, म्हणून माणसांतही नाही.

कांग्र्यात खोऱ्याचे तीन भाग केले गेले. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ दिले, एकाला पोटॅशियम आयोडाइडचे आणि दुसऱ्याला पोटॅशियम आयोडेटचे. तिसऱ्या भागाला साधे मीठच राहिले. 1962 साली पाहिले तर पहिल्या दोन भागांत गलगंड निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली आलेला, तिसऱ्यात मात्र होता तसाच. मग तिसऱ्या भागालाही आयोडीनचे मीठ सुरू झाले आणि तिथेही गलगंड ओसरला. 1973 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्या लेखकांत देव आणि करमरकर ही मराठी नावेही आहेत.

1962 सालीच राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, पण मीठ फक्त हिमालयाच्या पट्ट्यापुरते होते, आणि तेही अपुरे. 1984 मध्ये देशातले सगळे खाण्याचे मीठ आयोडीनयुक्त करायचे ठरले. गलगंड डोळ्यांना दिसतो. गर्भातच मंदावलेली बुद्धी दिसत नाही. आयोडीनच्या कमतरतेचे खरे नुकसान ते. म्हणून 1992 मध्ये कार्यक्रमाच्या नावातच आयोडीन कमतरतेच्या विकारांचा समावेश झाला. आयोडीनविरहित खाद्यमिठाच्या विक्रीवरची केंद्राची बंदी 2000 साली उठली आणि 2006 पासून पुन्हा लागू झाली. मधल्या काळातली ती माघार चुकीची होती, हे स्पष्टच म्हटले पाहिजे. 2018-19 च्या देशव्यापी पाहणीत पुरेसे आयोडीन असलेले मीठ सुमारे 76 टक्के घरांत आढळले. म्हणजे दर चौथे घर तेव्हाही बाकी होते.

आज शहरांत घरोघर दिसणारा थायरॉइडचा त्रास बहुतेकदा वेगळ्या कारणाचा असतो. शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटते; जपानच्या हाकारू हाशिमोतो यांनी 1912 मध्येच अशा ग्रंथींचे वर्णन केले होते. त्यावर जादा आयोडीन हा उपाय नव्हे. तिथे सकाळी अनशापोटी घ्यायची थायरॉक्सिनची गोळीच लागते, आणि बरे वाटले म्हणून ती मनाने बंद करायची नसते.

प्रौढ माणसाला दिवसाला 150 मायक्रोग्रॅम आयोडीन लागते, गरोदरपणी 250. एवढ्यासाठी मीठ जास्त खाण्याची गरज नाही. मीठ कमीच खा, पण खाल ते आयोडीनयुक्त असू द्या आणि घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा. घरात कुणाला दिवस गेले असतील तर डॉक्टरांना टीएसएचच्या तपासणीबद्दल विचारा, आणि बाळ जन्मल्यावर त्याच्या टाचेच्या रक्ताची थायरॉइड चाचणी आवर्जून मागून घ्या. बाळाची थायरॉइडची उणीव वेळीच कळली आणि पहिल्या दोन आठवड्यांत औषध सुरू झाले, तर त्याच्या मेंदूची हानी बहुतांशी टळते.