वादळाला लागतं गरम पाणी, तेही खोलवर!

१७ मे २०२१, सोमवार. वर्क फ्रॉम होमचे दिवस. लॅपटॉपवर मीटिंग चालू, खिडकीबाहेर झाडं धडाधड पडतायत, विमानतळ बंद, सी-लिंक बंद आणि लाइट कधी जाईल याचा नेम नाही. आठवलं? तौक्ते! बर्मी भाषेत याचा अर्थ पाल. मुंबईला या पालीच्या शेपटीचा फटका बसला, तरी ही अवस्था. समुद्रात मात्र त्याच संध्याकाळी बॉम्बे हायजवळ २६१ माणसं असलेला पी-३०५ हा बार्ज बुडाला. सत्तरहून जास्त जण परत आलेच नाहीत.

तीन-चार दिवसांपूर्वी लक्षद्वीपजवळ जेमतेम कमी दाबाचं क्षेत्र असलेलं हे प्रकरण इतकं भडकलं कसं?

बादलीचं गणित

चक्रीवादळाचं इंधन म्हणजे समुद्राची वाफ. त्यासाठी पाणी साधारण २६.५ अंशांच्या वर तापलेलं लागतं. मे महिन्यात अरबी समुद्राचा पृष्ठभाग सहज ३० अंशांपर्यंत जातो. पण खरी गंमत खाली आहे.

आंघोळीची बादली डोळ्यांसमोर आणा. वर चार बोटं कढत पाणी, खाली गार. हात घालून ढवळलंत की सगळं कोमट! वादळाचा वारा समुद्र असाच ढवळतो. गरम थर पातळ असेल तर खालचं गार पाणी वर येतं आणि वादळ स्वतःच स्वतःचा गॅस बंद करतं. पण पन्नास-शंभर मीटरपर्यंत पाणी गरमच असेल, तर कितीही ढवळा, वर येणारं पाणीही गरमच. मग काय, वादळाला फुल टँक!

अमेरिकेत २००५ साली हेच झालं. मेक्सिकोच्या आखातात खोलवर तापलेल्या प्रवाहावरून जाताना कॅटरिना २८ ऑगस्टला थेट पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या श्रेणीत पोचलं.

अर्थात, एकटा समुद्र सगळं ठरवत नाही. वरच्या हवेतले वारे आडवेतिडवे असले किंवा कोरडी हवा आत घुसली, तर गरम पाण्यावरही वादळ ढेपाळतं.

समुद्राचा ताप कोण बघतं?

आर्गो नावाचे यांत्रिक तरंगे. जगभरच्या समुद्रांत असे हजारो सोडलेत. दर दहा दिवसांनी ते २००० मीटर खोल बुडी मारतात आणि वर येताना तापमान, खारटपणा मोजत उपग्रहाला कळवतात. शिवाय गरम पाणी फुगतं, त्यामुळे तिथला समुद्र काही सेंटिमीटर उंच होतो. उपग्रह तेवढाही फरक टिपतात. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था समुद्रातल्या या उष्णतेवर लक्ष ठेवते.

तरीही वादळ कुठे जाईल यापेक्षा ते किती चढेल, हे सांगणं आजही जास्त अवघड आहे. तौक्तेसारखं वादळ एका रात्रीत वरची पायरी गाठतं, आणि भर समुद्रात असलेल्यांना परतायला तेवढा वेळ मिळतोच असं नाही.

म्हणून पुढच्या वेळी वादळाची बातमी आली, की ‘आपल्याकडे येणार नाही ना?’ एवढंच विचारून मोकळे होऊ नका. हवामान विभागाचं ताजं बुलेटिन उघडा आणि वादळ कालच्यापेक्षा किती चढलंय तेही बघा. अलिबागचा वीकेंड काय, पुढच्या आठवड्यातही करता येईल!