लँकेशरची जमीन, लंडनचा निर्णय

जमिनीखालच्या खडकात प्रचंड दाबाने पाणी, वाळू आणि रसायने सोडून वायू मोकळा करणे म्हणजे फ्रॅकिंग. २०११मध्ये ब्लॅकपूलजवळ त्यामुळे २.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तरीही २०१३मध्ये लॉर्ड हॉवेल यांनी ब्रिटिश संसदेत ईशान्य इंग्लंडचे 'ओसाड' भाग त्यासाठी सुचवले. पुढे त्यांना माफी मागावी लागली. लोक राहतात ती जमीन ओसाड कशी? ब्लॅकपूलजवळच्याच प्रेस्टन न्यू रोड येथे फ्रॅकिंग करण्यास लँकेशर कौंटी कौन्सिलने २०१५मध्ये नाकारलेली परवानगी २०१६मध्ये केंद्रीय मंत्र्याने दिली. ऑगस्ट २०१९मध्ये तिथे २.९ तीव्रतेचा धक्का बसला, तेव्हा कुठे नोव्हेंबरात फ्रॅकिंगला स्थगिती आली. त्याच वर्षीच्या सरकारी निर्देशांकात शेजारचे ब्लॅकपूल इंग्लंडमधील सर्वाधिक वंचित ठरले.