जेवणानंतर साखर जाते कुठे?

लोधी गार्डनमध्ये पहाटे नेमाने फेऱ्या मारणारे दिल्लीकर रात्री छोले-भटुरे हाणून थेट पलंग गाठतात. आपल्याकडे आजी शतपावलीला पिटाळायची. शरीरशास्त्र आजीच्या बाजूने आहे.

जेवल्यावर साधारण तासाभरात रक्तातली साखर चढते. तिची अवस्था संध्याकाळच्या राजीव चौक मेट्रोतल्या गर्दीसारखी. इन्सुलिनचं कार्ड लागलं, की फाटक उघडतं आणि साखर पेशीत शिरते. वय वाढतं, पोट सुटतं, तशी फाटकं कार्डाला दाद देईनाशी होतात. पण स्नायू हलले, की कार्डाविनाच बाजूचं दार उघडतं! पिंडऱ्या-मांड्या साखर ओढून घेतात. दहा मिनिटं रमतगमत चाललं तरीही.

रक्तात वारंवार रेंगाळणारी साखर धमन्यांच्या भिंतींतल्या प्रथिनांना चिकटते, भिंती ताठरतात. मूत्रपिंडातल्या आणि डोळ्यांच्या पडद्यातल्या बारीक वाहिन्याही बिघडतात. त्यात स्नायूच झडले, तर साखर साठवायला जागाही उरत नाही. म्हणून साठीनंतर, झेपेल तसं, हात न टेकता खुर्चीतून उठणं-बसणं मला चालण्याइतकंच मोलाचं वाटतं.

दिल्लीत नोव्हेंबरची पंचाईत वेगळी. जड, थंड हवा रात्री-पहाटे धूर जमिनीलगतच कोंडून ठेवते. त्या दिवसांत शतपावली खिडक्या लावून, स्वयंपाकघर ते दिवाणखाना एवढीच घालावी.