वर्णपरीक्षा आणि खिशातील टॉर्च : निवड कशी करावी?

रोगपरीक्षणात दर्शनाचे स्थान सर्व वैद्यबंधूंना ज्ञात आहे. योगरत्नाकराने सांगितलेल्या अष्टविध परीक्षेतील मूत्र, मल, जिह्वा, दृक् आणि आकृती ही स्थाने प्रामुख्याने डोळ्यांनीच पाहावयाची आहेत व त्यांत वर्णाला विशेष महत्त्व आहे. परंतु वर्ण ज्या प्रकाशात पाहावयाचा, त्या प्रकाशाचा विचार आपण क्वचितच करतो. ग्रंथकारांसमोर सूर्यप्रकाश होता. आपल्यासमोर मात्र सायंकाळचे चिकित्सालय, बंद खोलीतील रुग्ण आणि अवेळी जाणारी वीज आहे. म्हणून खिशात राहणारी टॉर्च, जिला आपल्या सिल्लोड भागात सरसकट 'बॅटरी' म्हणतात, ती निवडण्याविषयी काही उपयुक्त माहिती प्रस्तुत लेखात देत आहोत.

विषयाची निकड पटावी म्हणून आमच्याच दोन चुका प्रथम सांगतो. पावसाळ्यातील एका सायंकाळी वीज नसताना एक शेतकरी रुग्ण आला. अरुची, हृल्लास व दौर्बल्य ही लक्षणे होती. कामलेची शंका आल्याने जुन्या बल्बच्या टॉर्चने नेत्र पाहिले. ते निर्मळ वाटले, म्हणून दीपन-पाचन औषधे देऊन त्यास घरी पाठविले. तिसऱ्या दिवशी तो सकाळी आला, तेव्हा ओसरीच्या उजेडात त्याचे नेत्र हळदीसारखे पिवळे दिसत होते. रक्ततपासणीत बिलिरुबिन बरेच वाढलेले आढळले. पुढे तो बरा झाला, पण दोन दिवस वाया गेले ते आमच्या हातातील उजेडामुळे.

या प्रसंगानंतर आम्ही बाजारातून निळसर पांढऱ्या प्रकाशाची स्वस्त एलईडी टॉर्च आणली. आता उलटेच घडू लागले. धडधाकट माणसांची जिह्वा आणि खालच्या पापणीची आतील बाजू फिकट दिसू लागली. एका भगिनीस पांडुरोगाच्या शंकेने तपासणीस पाठविले, तर तिचे हिमोग्लोबिन उत्तम निघाले. एका टॉर्चने असलेला पिवळेपणा लपविला, तर दुसरीने असलेली लाली पुसून टाकली.

या दोन्ही चुकांचे कारण समजून घेण्यासाठी प्रकाशाचे दोन गुण वेगवेगळे ओळखावे लागतात.

पहिला गुण प्रकाशाची स्वतःची छटा. ती केल्विन या एककात मोजतात. तापणाऱ्या तारेच्या बल्बचा पिवळसर उजेड सुमारे २७०० ते ३००० केल्विनचा असतो, मध्यान्हीचा सूर्यप्रकाश सुमारे ५५०० केल्विनचा, तर स्वस्त एलईडीचा निळसर उजेड बहुधा ६५०० केल्विनच्याही वर असतो. पिवळसर उजेडात पांढरी वस्तूही पिवळी भासते. त्यामुळे निरोगी शुक्लमंडल आणि कामलेतील हारिद्र शुक्लमंडल यांतील भेद पुसट होतो. आमची पहिली चूक ही अशी होती.

दुसरा गुण म्हणजे वस्तूचा मूळ वर्ण यथार्थ दाखविण्याची क्षमता. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'सीआरआय' म्हणतात. आपण तिला वर्णदर्शनांक म्हणू. आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने ठरविलेल्या पद्धतीनुसार आठ सौम्य रंगांचे नमुने संदर्भप्रकाशाशी ताडून त्यांची सरासरी काढली जाते. पूर्ण गुण १००. बल्बचा हा अंक जवळजवळ १०० असतो, तरीही त्याने आम्हास फसविले. म्हणजेच केवळ हा अंक उच्च असणे पुरेसे नाही; छटाही योग्य हवी.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. या आठ नमुन्यांत गडद लाल रंग नाही. तो नववा नमुना असून त्याचा अंक 'आर ९' म्हणून स्वतंत्र दिला जातो. सामान्य पांढरी एलईडी ही मुळात निळा प्रकाश देते. तिच्यावरील पिवळ्या फॉस्फरच्या लेपामुळे तो पांढरा दिसतो. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, अमानो व नाकामुरा यांना २०१४ साली भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु या मिश्र प्रकाशात गडद लालीचा अंश अल्प असतो. ८० सीआरआय असलेल्या एलईडीचा आर ९ शून्याच्या आसपासही असू शकतो. जिह्वा, ओष्ठ, नेत्रवर्त्म, नख आणि तळहात यांचा वर्ण रक्तावर अवलंबून असल्याने वैद्यासाठी नेमका हाच अंक निर्णायक ठरतो. आमची दुसरी चूक येथे होती.

यावरून निवडीचा नियम निघतो. सीआरआय ९० किंवा अधिक, आर ९ किमान ५० आणि शक्य तर ८० च्या पुढे, छटा ४००० ते ५००० केल्विन. ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड येथील रुग्णालयीन प्रकाशयोजनेच्या मानकात त्वचेची श्यावता ओळखण्यासाठी ३३०० ते ५३०० केल्विन ही मर्यादा दिलेली आहे, तीही याच्याशी जुळते. वेष्टनावर हे अंक छापलेले नसतील, तर विक्रेत्यास एलईडीचे नाव विचारावे. जपानच्या निचिया कंपनीची '५१९ए' ही उच्च वर्णदर्शनांकासाठी प्रसिद्ध असून अनेक छोट्या टॉर्चमध्ये ती बसविलेली असते.

ल्युमेनच्या मोठ्या आकड्यांना भुलू नये. तेवढ्याच विजेवर उच्च सीआरआयची एलईडी काहीसा कमीच उजेड देते. तो यथार्थ वर्णाचा मोबदला समजावा. जिह्वा व मुख पाहण्यास थोडकाच उजेड लागतो आणि हजार ल्युमेनचा झोत रुग्णाच्या डोळ्यात टाकणे अनुचित आहे. म्हणून सर्वांत मंद पायरी खरोखर मंद आहे ना, आणि टॉर्च त्याच पायरीवर सुरू होते ना, हे पाहावे. झोत मध्यभागी टोचणारा नसावा, सर्वत्र समान पसरणारा असावा. मंद पायरीवर टॉर्चपुढे बोटे झपाट्याने हलवून पाहावीत. बोटांच्या तुटक प्रतिमा दिसल्या तर प्रकाश लुकलुकणारा आहे असे समजावे.

आकाराविषयी थोडे. 'एएए' सेल सुमारे १०.५ मिलिमीटर जाडीचा असतो. असे दोन सेल एकामागे एक बसणारी पेनासारखी टॉर्च ॲप्रनच्या खिशात सहज राहते. 'एए' सेलची जाडी १४.५ मिलिमीटर, तर १८६५० या लिथियम सेलची १८ मिलिमीटर व लांबी ६५ मिलिमीटर असते. तो अधिक काळ चालतो, पण खिसा जड होतो. येथे एक सावधानता आवश्यक आहे. १४५०० हा लिथियम सेल दिसण्यास 'एए'सारखाच असला तरी १.५ ऐवजी ३.७ व्होल्टचा असतो. उत्पादकाने अनुमती दिली नसेल तर तो साध्या टॉर्चमध्ये घालू नये. खिशात चुकून सुरू होऊन तापू नये म्हणून मागचे झाकण किंचित सैल करून ठेवावे अथवा कुलूपबंदीची सोय पाहावी.

औषधिनिर्माते व औषधालयांचे चालक यांनाही हा विषय तितकाच लागू आहे. दोन वस्तू एका प्रकाशात समान आणि दुसऱ्यात भिन्न दिसू शकतात. मंजिष्ठा, रक्तचंदन, केशर, हरिद्रा यांचा माल गोदामातील निळसर उजेडात स्वीकारणे धोक्याचे आहे. लोहभस्माची पिकलेल्या जांभळासारखी छाया आणि अभ्रकभस्माचा विटकरी वर्ण यांत लालीचा अंश असल्याने तेथेही आर ९ उपयोगी पडतो. कज्जली व भस्म यांचे निश्चंद्रत्व मात्र सूर्यप्रकाशातच तपासावे. टॉर्च ही तेथे केवळ प्राथमिक चाळणी होय.

खरेदीपूर्वी करावयाची एक सोपी परीक्षा आम्ही वापरतो. एका पांढऱ्या कागदावर हळकुंडाचा तुकडा, वाळलेली लाल मिरची, मंजिष्ठेचे मूळ आणि सोनामुखीचे पान ठेवावे. ते प्रथम सावलीतील दिवसाच्या उजेडात नीट पाहावे, नंतर अंधाऱ्या खोलीत टॉर्चने. मिरची विटकरी-करडी दिसली किंवा पान निळसर झाले तर ती टॉर्च ठेवून द्यावी. शेवटी आपला तळहात पाहावा. तो निस्तेज वा हिरवट दिसला, तर रुग्णाची जिह्वाही तशीच दिसणार. मिरचीसाठी ख्यात असलेल्या आपल्या तालुक्यात या परीक्षेचे साहित्य घरोघरी उपलब्ध आहे.

यथार्थ प्रकाशाचा धडा आपल्या परिसरास नवा नाही. अजिंठ्याच्या लेण्यांत गेरूचा लाल, पिवळी माती आणि लाजवर्दाचा निळा हे रंग नीट दिसावेत म्हणून आरशाने सूर्यकिरण आत वळविण्याची रीत होती. चित्र तेच, भिंत तीच. उजेड बदलला की पाहणाऱ्यास निराळे काही दिसते. रुग्णाच्या बाबतीत हा फरक केवळ सौंदर्याचा राहत नाही.

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पांडुरोगाच्या अध्यायात नेत्र, त्वचा, नख व मुख यांचे हारिद्रत्व हे कामलेचे लक्षण म्हणून वर्णिलेले आहे. ते पाहण्यास दिवसाचा उजेड श्रेष्ठ, यात शंका नाही. शंका असेल तेथे रुग्णास दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बोलवावे आणि बिलिरुबिन, हिमोग्लोबिन यांची तपासणी करून घेण्यास संकोच करू नये. उत्तम टॉर्च या दोहोंची जागा घेऊ शकत नाही. परंतु रात्री आलेला रुग्ण सकाळपर्यंत थांबेलच असे नाही. तेव्हा हातातील उजेडाने निदान खोटी साक्ष तरी देऊ नये, एवढी काळजी आपण घेऊ शकतो. आज रात्री चिकित्सालय बंद करण्यापूर्वी प्रत्येक वैद्यबंधूने आपल्या टॉर्चने आपलाच तळहात एकदा पाहावा, ही विनंती.